स्कॉटलंड म्हणजे उत्तरेकडचे इंग्लंड नव्हे

सागरवेळ :

गेल्या महिन्यात इंग्लंडमधील एका जुन्या सहकाऱ्याकडे दोन दिवस राहून एडिंबराला परतताना वाटेत एका दुकानात थांबले होते. पैसे देताना बँक ऑफ स्कॉटलंडची वीस पौंडांची नोट पुढे केली. दुकानातील तरुणाने ती उजेडात धरून पाहिली आणि परदेशी चलन घेत नसल्याचे सांगून अतिशय सभ्यपणे परत केली. मी वाद न घालता कार्डाने पैसे दिले, पण घरी पोहोचेपर्यंत तो ‘परदेशी’ शब्द मनातून गेला नाही. आधीची सहा वर्षे इंग्लंडमध्ये आणि नंतरची चौदा वर्षे स्कॉटलंडमध्ये काढल्यामुळे इंग्रजांचे स्कॉटलंडविषयीचे गैरसमज मी जवळून पाहिले आहेत. पहिली सहा वर्षे त्यांतील बरेचसे माझेही होते, कारण मला स्कॉटलंडची ओळख इंग्रज मित्रांकडूनच झाली होती. म्हणून हा धागा काढत आहे.

त्या नोटेपासूनच सुरुवात करते. स्कॉटलंडमध्ये तीन व्यापारी बँकांना आजही स्वतःच्या नोटा छापण्याचा अधिकार आहे : बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल बँक. या नोटा पौंड स्टर्लिंगच्याच असतात, त्यांना ब्रिटिश संसदेच्या कायद्याचा आधार असतो आणि बाहेर असलेल्या नोटांच्या मूल्याइतकी तारण मालमत्ता या बँकांना राखून ठेवावी लागते. ‘ही नोट कायदेशीर चलन नाही’ असे इंग्लंडमध्ये सांगितले जाते आणि काटेकोर अर्थाने ते खरेही आहे. परंतु त्याच काटेकोर अर्थाने बँक ऑफ इंग्लंडची नोटही स्कॉटलंडमध्ये कायदेशीर चलन नाही, तरीही येथील एकही दुकानदार ती नाकारताना मी पाहिलेला नाही. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. 1694 मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ इंग्लंडची कल्पना मांडणारा विल्यम पॅटरसन स्कॉटिश होता आणि पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या बँक ऑफ स्कॉटलंडच्या संस्थापकांतील प्रमुख, जॉन हॉलंड, हा इंग्रज होता.

माझ्या मते सगळ्यांत खोलवर रुजलेला गैरसमज इतिहासाचा आहे. इंग्लंडने स्कॉटलंड कधीतरी जिंकून घेतले आणि तेव्हापासून तो इंग्लंडचा एक प्रांत आहे, असे पुष्कळ सुशिक्षित इंग्रजांनाही वाटते. प्रत्यक्षात 1603 मध्ये एलिझाबेथ राणी निपुत्रिक वारली, तेव्हा स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स हा इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स म्हणून बसला. म्हणजे राजघराणे उत्तरेकडून दक्षिणेकडे आले. त्यानंतरही, मधली काही वर्षे सोडली तर, शंभराहून अधिक वर्षे दोन राज्ये, दोन संसदा आणि दोन कायदे वेगळेच राहिले. 1 मे 1707 रोजी दोन्ही संसदांच्या ठरावांनी ग्रेट ब्रिटन हे नवे राज्य अस्तित्वात आले, तेव्हा स्कॉटलंडबरोबर इंग्लंडचेही स्वतंत्र राज्य संपले. व्यवहारात नवी संसद जुन्या वेस्टमिन्स्टरच्या वास्तूत, जुन्याच प्रथांनी चालू राहिली, त्यामुळे इंग्रजांना आपल्याकडे काही बदलल्याचे जाणवलेच नाही. पुढच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ मला तिथे दिसते.

हा करार निखळ राजीखुशीचा होता असेही मी म्हणणार नाही. पनामाच्या संयोगभूमीवर डेरिएन येथे वसाहत उभारण्याचा स्कॉटलंडचा प्रयत्न 1700 पर्यंत पूर्ण फसला होता, त्यात देशातील भांडवलाचा मोठा भाग बुडाला होता आणि करारानुसार स्कॉटलंडला 3,98,085 पौंड 10 शिलिंग इतकी रक्कम देण्यात आली, जिच्यातून त्या कंपनीच्या भागधारकांचीही भरपाई व्हायची होती. एडिंबराच्या रस्त्यांवर कराराविरुद्ध दंगे झाले. तरीही स्कॉटिश बाजूने तीन गोष्टी राखल्या : स्वतःचे कायदे व न्यायालये, स्वतःचे प्रेस्बिटेरियन चर्च आणि स्वतःची शाळा-विद्यापीठे. त्या तिन्ही आजवर टिकून आहेत.

याचे उदाहरण इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यातच आहे. सीमेला लागून असलेल्या ग्रेटना ग्रीन या गावी पळून जाऊन लग्न करण्याच्या कथा प्रत्येक इंग्रजाला ठाऊक असतात. 1754 पासून इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांखालील मुलामुलींना लग्नासाठी पालकांची संमती लागू लागली. स्कॉटलंडचा विवाहविषयक कायदा वेगळा असल्याने तो नियम तेथे लागू नव्हता, म्हणून जोडपी सीमा ओलांडत. ही कथा आवडीने सांगणारे लोक ‘स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे’ हे ऐकल्यावर मात्र थक्क होतात.

अक्षरवेध :

सागरवेळताई, अतिशय आवश्यक धागा. भाषेबद्दलचा गैरसमज मला तितकाच महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याची भर घालतो.

‘स्कॉटिश लोक उच्चारांच्या वळणाने इंग्रजी बोलतात आणि डोंगरात कुठेतरी गेलिक बोलतात’ एवढेच बहुतेक इंग्रजांना ठाऊक असते. वास्तविक स्कॉटलंडमध्ये इंग्रजीखेरीज दोन देशी भाषा आहेत आणि त्या एकमेकींच्या जवळपासच्याही नाहीत. गेलिक ही आयरिश भाषेच्या कुळातील केल्टिक भाषा आहे. स्कॉट्स ही मात्र जुन्या नॉर्थम्ब्रियन इंग्रजीपासून वाढलेली, म्हणजे आजच्या इंग्रजीची बहीण म्हणता येईल अशी भाषा आहे. मुलाला ‘बेर्न’, चर्चला ‘किर्क’ आणि जाणण्याला ‘केन’ म्हणणारी ही भाषा एकेकाळी राजदरबाराची आणि कायद्याची भाषा होती. रॉबर्ट बर्न्सच्या उत्तमोत्तम कविता या भाषेत आहेत. 1603 नंतर दरबार लंडनला गेला, बायबलचा प्रचलित अनुवाद इंग्रजीत होता आणि 1707 नंतर प्रतिष्ठा इंग्रजीकडे गेली. हळूहळू शाळांमध्ये स्कॉट्स बोलणाऱ्या मुलांना ‘नीट बोल’ असे सांगितले जाऊ लागले आणि लोकांनाही आपली भाषा म्हणजे बिघडलेली इंग्रजी वाटू लागली. म्हणजे इंग्रजांचा गैरसमज स्कॉट लोकांनी स्वतःच्या भाषेविषयी स्वीकारला, आणि मला सर्वांत अधिक दुःख त्याचेच वाटते.

2022 च्या जनगणनेत 15 लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असे नोंदवले, तर गेलिक थोडीबहुत अवगत असणारे सुमारे 1 लाख 30 हजार होते. 2025 मध्ये स्कॉटिश संसदेने (ही 1999 मध्ये एडिंबराला पुन्हा सुरू झाली) दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा केला.

हिशेबनीस :

मी ग्लासगोत लेखापालाचे काम करतो, त्यामुळे पैशांच्या गैरसमजाविषयी लिहिणे माझ्याकडे आले आहे असे समजतो. ‘स्कॉट लोकांना आमच्या करातून फुकट औषधे आणि फुकट शिक्षण मिळते’ हे वाक्य मी इंग्लंडमधील ग्राहकांकडून असंख्य वेळा ऐकले आहे.

यातील खरे आधी मान्य करतो. स्कॉटलंडमध्ये दरडोई सरकारी खर्च ब्रिटनच्या सरासरीहून अधिक आहे. 2011 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधांना येथे शुल्क नाही आणि येथेच राहून विद्यापीठात जाणाऱ्या स्कॉटिश विद्यार्थ्याला शिकवणी शुल्क भरावे लागत नाही. परंतु यासाठी इंग्लंडच्या खात्यातून वेगळी रक्कम निघत नाही. 1970 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या बार्नेट सूत्रानुसार इंग्लंडमध्ये आरोग्य, शिक्षण अशा विषयांवरील खर्च जितका वाढतो वा घटतो, त्याचा लोकसंख्येच्या प्रमाणातील वाटा स्कॉटलंडच्या अनुदानात वाढतो वा घटतो. त्या एकत्रित रकमेतून औषधे मोफत द्यायची की रस्ते बांधायचे, हे एडिंबरातील सरकार ठरवते. एका ठिकाणी मोफत दिले की दुसरीकडे हात आखडावा लागतो. शिवाय प्राप्तिकराचे दर आणि टप्पे आता स्कॉटिश संसद ठरवते आणि मध्यम ते उच्च उत्पन्नाच्या लोकांना येथे इंग्लंडपेक्षा अधिक कर भरावा लागतो. दरवर्षी मार्चअखेरीस मी हा फरक माझ्या ग्राहकांना समजावून सांगत असतो. ही व्यवस्था न्याय्य आहे की नाही, यावर मतभेद असू शकतात, पण ‘फुकट’ हा शब्द चुकीचा आहे.

आणि कंजूषपणाच्या विनोदांविषयीही मला मनापासून एक सांगावेसे वाटते. 1810 मध्ये रुथवेल या लहानशा गावी हेन्री डंकन नावाच्या धर्मोपदेशकाने गरीब मजुरांसाठी बचत बँक सुरू केली, कारण मोठ्या बँका दहा पौंडांखाली खाते उघडत नसत आणि मजुराच्या हाती एकदम दहा पौंड कधीच नसत. शिलिंग-शिलिंग साठवणाऱ्या त्या माणसांची काटकसर हे त्यांच्या म्हातारपणाचे एकमेव संरक्षण होते. त्याला कंजूषपणा म्हणणे मला क्रूर वाटते.

टेम्सकाठ :

मी पंचवीस वर्षे लंडनजवळ राहतो आणि इंग्रजांच्या बाजूने थोडे बोलावेसे वाटते. बहुतेक इंग्रजांच्या मनात स्कॉट लोकांविषयी दुष्टावा नसतो. माझ्या मुलांच्या शाळेत ट्यूडर राजे आणि दोन महायुद्धे अनेकदा शिकवली गेली, परंतु 1707 चा उल्लेख कोणत्याही इयत्तेत झाला नाही. न शिकवलेली गोष्ट ठाऊक नसणे हा मुलांचा दोष कसा म्हणता येईल?

दुसरे असे की, स्कॉटलंडचे रंगीत चित्र रंगवण्यात स्कॉट लोकांचा स्वतःचा हात मोठा आहे. किल्ट हा मुळात उत्तरेकडील डोंगराळ भागातील, हायलँड्समधील, पोशाख; सखल प्रदेशातील बहुसंख्य लोक तो घालत नसत आणि डोंगरी लोकांना मागास समजत. पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या राजपुत्र चार्ल्सने केलेल्या बंडानंतर 1746 च्या कायद्याने या पोशाखावर बंदी आली, ती 1782 मध्ये उठली. पुढे 1822 मध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी सोहळ्याची आखणी करून सर्वांना टार्टनची चौकडी परिधान करण्यास सांगितले आणि प्रत्येक कुळीची ठरलेली चौकडी ही कल्पना त्या सुमारास पक्की झाली. दुकानांतून ‘प्राचीन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच चौकड्या दोनशे वर्षांच्या आतबाहेरच्या आहेत. मग इंग्रज पर्यटकाने तेच खरे मानले, तर त्याला किती दोष द्यावा?

सागरवेळ :

टेम्सकाठ, तुमचे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. शाळेबद्दल तर पूर्णपणे मान्य आहेत. फक्त दोष आणि परिणाम या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवते. न शिकवल्यामुळे अज्ञान राहिले तरी त्या अज्ञानातून बोललेले वाक्य समोरच्याला लागायचे ते लागतेच.

रम्य चित्राविषयी मात्र अधिक लिहायला हवे, कारण कौतुकातून झालेला गैरसमज मला तुच्छतेतून झालेल्या गैरसमजापेक्षा अधिक घातक वाटतो. माझे इंग्रज पाहुणे हायलँड्समध्ये गेले की एखाद्या निर्मनुष्य खोऱ्यापाशी गाडी थांबवतात आणि ‘किती अस्पर्शित निसर्ग आहे’ असे म्हणतात. स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात मी स्वतः अशी एक संध्याकाळ घालवली आहे. तेथे गवतात नीट पाहिले तर दगडी घरांची जोती दिसतात. 1814 आणि 1819 मध्ये सदरलंड संस्थानाच्या कारभाऱ्यांनी तेथील कुळांना मेंढ्यांच्या कुरणांसाठी हुसकावून लावले आणि लोक परत येऊ नयेत म्हणून छपरे जाळली. पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर 1816 मध्ये खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. ती शांतता निसर्गाने निर्माण केलेली नाही.

आता येथेच इंग्रजांचा (आणि काही स्कॉट लोकांचाही) दुसरा गैरसमज येतो, तो म्हणजे हे सगळे इंग्रजांनी केले. सेलर स्कॉटिश होता. जमीन सदरलंडच्या काउंटेसला वडिलोपार्जित मिळालेली होती. पैसा मात्र तिच्या इंग्रज पतीचा होता. राजपुत्र चार्ल्सचे बंड जिथे मोडले, त्या कलोडनच्या लढाईचेही तसेच आहे. 16 एप्रिल 1746 ची ती लढाई स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड अशी नव्हती. ते दोन राजघराण्यांचे आणि त्यांच्यामागील दोन धर्मपंथांचे युद्ध होते. सरकारी सैन्यात स्कॉटिश पलटणी आणि कॅम्पबेल कुळीचे लोक होते, तर राजपुत्र चार्ल्सच्या बाजूने आयरिश आणि फ्रेंच सैनिकही लढले. पराभवानंतर हायलँड्सवर जो सूड उगवला गेला तो भयंकरच होता, पण लढाईची विभागणी सीमारेषेवर झालेली नव्हती.

पाऊलवाट :

सीमारेषेचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. हेड्रियनची भिंत हीच स्कॉटलंडची सीमा आहे ना? आमच्या इंग्रज मार्गदर्शकाने सहलीत तसेच सांगितले होते.

अक्षरवेध :

नाही. हेड्रियनची भिंत इ. स. 122 मध्ये बांधायला घेतली, तेव्हा इंग्लंडही नव्हते आणि स्कॉटलंडही नव्हते. ती संपूर्णपणे आजच्या इंग्लंडच्या हद्दीत आहे आणि पूर्वेकडे तर सीमा भिंतीपासून शंभराच्या आसपास किलोमीटर उत्तरेला आहे. नॉर्थम्बरलँड परगण्याचा बहुतांश भाग भिंतीच्या उत्तरेस असूनही तो इंग्लंडमध्येच मोडतो. आजची सीमा बरीचशी 1237 च्या यॉर्कच्या तहाने ठरली. बेरिक हे गाव तेवढे अनेकदा इकडून तिकडे गेले आणि 1482 पासून इंग्लंडकडे राहिले.

मोडीवाचक :

धागा मन लावून वाचत आहे. एक गोष्ट आपल्याकडे वळून पाहावी अशी वाटते, कारण हा गैरसमज आपणही मराठीत सांभाळला आहे. पेशवाई ‘इंग्रजांनी’ बुडवली असे आपण म्हणतो. पुण्याच्या दरबारातील रेसिडेंट आणि पुढे 1819 ते 1827 मुंबईचा गव्हर्नर असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा स्कॉटलंडमधील डंबार्टनचा. दुसरा बाजीराव जून 1818 मध्ये ज्याच्या स्वाधीन झाला आणि जो एल्फिन्स्टननंतर मुंबईचा गव्हर्नर झाला, तो जॉन माल्कम डम्फ्रीसशायरचा. साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ बॅन्फचा. मुंबईत 1832 मध्ये शाळा काढून विल्सन कॉलेजचा पाया घालणारे जॉन विल्सन लॉडरचे. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या रणात शिंदे आणि भोसले यांच्या तोफांसमोर उभ्या राहिलेल्या 74 आणि 78 क्रमांकांच्या पलटणी हायलँडच्या होत्या, आणि त्यांतील 74 व्या पलटणीची जवळजवळ राखरांगोळी झाली.

म्हणून ‘इंग्लंडने दाबलेले बिचारे स्कॉटलंड’ हे चित्र मला तितकेच अपुरे वाटते. साम्राज्यात स्कॉट लोक भागीदार होते, आणि लोकसंख्येच्या मानाने मोठे भागीदार होते. मुंबईहून चीनला गेलेल्या माळव्याच्या अफूच्या व्यापारातील जार्डिन आणि मॅथेसन हे दोघेही स्कॉटिशच. हे त्यांच्या माथी दोष मारण्यासाठी लिहीत नाही. आपल्या इतिहासातील माणसे नेमकी कुठून आली, हे आपल्याला ठाऊक असावे एवढीच इच्छा आहे.

सागरवेळ :

मोडीवाचक, तुमच्या प्रतिसादासाठी मनापासून आभार. भागीदारीचा मुद्दा येथील संग्रहालयांमध्येही आता मोकळेपणाने मांडला जातो. ग्लासगोतील भव्य इमारतींचा बराच पैसा व्हर्जिनियाच्या तंबाखूतून, म्हणजे गुलामांच्या श्रमातून आला, हे तेथील फलकांवर वाचायला मिळते.

राहता राहिला तो ‘स्कॉट लोक इंग्रजांचा द्वेष करतात’ हा समज. फुटबॉलच्या मैदानावर चुरस असते आणि ती 30 नोव्हेंबर 1872 रोजी ग्लासगोत झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यापासून आहे. तो सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला होता. परंतु 2011 च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये राहणारे सुमारे 4 लाख 60 हजार लोक इंग्लंडमध्ये जन्मलेले होते. स्कॉटलंडबाहेर जन्मलेल्यांचा हा सर्वांत मोठा गट. 18 सप्टेंबर 2014 च्या सार्वमताचा अनुभव मी विसरू शकत नाही. मतदानाचा हक्क जन्मावर वा वंशावर ठरलेला नव्हता, येथील वास्तव्यावर ठरलेला होता. माझी शेजारीण यॉर्कशायरची, मी भारतीय पारपत्रधारक, आणि आम्हा दोघींना राष्ट्रकुलाच्या व ब्रिटनच्या नागरिक म्हणून मत होते. लंडनमध्ये राहणाऱ्या तिच्या स्कॉटिश जावयाला मात्र नव्हते. 84.6 टक्के मतदान झाले, 55.3 टक्के लोकांनी ब्रिटनमध्ये राहण्याचा कौल दिला. आम्ही दोघींनी परस्परविरुद्ध मते दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याच स्वयंपाकघरात चहा घेतला.

पाऊलवाट :

ताई, दोन लहान शंका. तेथे सतत पाऊस पडतो का? आणि लोकांना ‘स्कॉच’ म्हटलेले चालते का? मला पुढील महिन्यात कामासाठी एडिंबराला यायचे आहे.

सागरवेळ :

पश्चिमेकडील डोंगरांत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एडिंबरा पूर्व किनाऱ्यावर असल्याने तेथे साधारण 700 मिलिमीटर पडतो, म्हणजे मुंबईच्या एक तृतीयांशाहूनही कमी. छत्रीपेक्षा वारा अडवणारे जाकीट आणा. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही.

‘स्कॉच’ हा शब्द व्हिस्कीसाठी, आणि फार तर ‘स्कॉच ब्रॉथ’ नावाच्या रश्श्यासाठी ठेवा. माणसांना ‘स्कॉट’ किंवा ‘स्कॉटिश’ म्हणावे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात स्कॉट लोक स्वतःलाही सहज ‘स्कॉच’ म्हणत असत, पण आज तो शब्द येथे कानाला खटकतो. आणि परतताना स्कॉटिश नोटा शिल्लक राहिल्या, तर त्या येथेच बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांत बदलून घेऊन मगच निघा. पुण्या-मुंबईत त्या बदलून घेताना तुम्हाला उगाच त्रास होईल.